गंज काढा, पण नंबर राखा! जुनी बंदूक साफ करताना काय पुसायचं आणि काय जपायचं

कुडाळ : भात पोटरीला आलं की रानडुकरांच्या वाटा परत शेताकडे वळतात. मग शेतकरी माळ्यावरची किंवा कपाटामागची शेती संरक्षणाची बंदूक खाली काढतो. चार महिन्यांच्या पावसाने तिची अवस्था काय झालेली असते ते ज्याच्या घरी बंदूक आहे त्याला सांगायला नको. नळीवर तांबूस पापुद्रा, घोड्याच्या खाचेत चिकट काळी घाण, हाताच्या बोटांचे ठसे गंजून कायमचे उमटलेले, दस्त्यावर बुरशी.

अशा वेळी घरातला तरुण मुलगा हमखास म्हणतो, "बाबा, जरा वेल्डिंगवाल्याकडे नेऊन बफ मारून आणतो. आरशासारखी करून देतो तो." दोनशे-तीनशे रुपयांत काम होतं. बंदूक चकचकीत होते आणि सगळे खूष होतात.

खरी अडचण पुढे परवाना नूतनीकरणाला किंवा निवडणुकीत बंदूक जमा करताना समोर येते. ठाण्यातला हवालदार परवान्यावरचा नंबर वाचतो, बंदूक उलटीपालटी करून बघतो आणि विचारतो, "नंबर खंय हा?" नंबर असतो तिथे नुसतं गुळगुळीत लोखंड. गंजाबरोबर आकडेही गेलेले. इथून पुढे ती बंदूक शेतकऱ्याची राखण करत नाही, शेतकऱ्यालाच बंदुकीचा खुलासा करत फिरावं लागतं.

सिंधुदुर्ग, रत्नागिरीसारख्या जिल्ह्यांत वडिलोपार्जित बंदुका पुष्कळ आहेत. म्हणून जुन्या बंदुकीवरची कुठली खूण काढायची, कुठली काढायची नाही आणि लोखंडाचा मूळ रंग परत आणायचा तर तो कुणाकडून, हे एकदा नीट समजून घेऊया.

बंदुकीवर दोन प्रकारच्या खुणा असतात

पहिल्या प्रकारात काळाने आणि माणसाने केलेल्या खुणा येतात. गंजाचे डाग, घामाचे ठसे, ओरखडे, जमा करताना कुणी ऑइल पेंटने टाकलेला आकडा, चिकटपट्टीचा डिंक, दस्त्यावर आजोबांनी खिळ्याने कोरलेली आद्याक्षरं. यातलं बरंचसं काढता येतं.

दुसऱ्या प्रकारात ठोकून उमटवलेल्या खुणा येतात. बनवणाऱ्याचं नाव, अनुक्रमांक, नळीच्या परीक्षेचे शिक्के, बोअर आणि काडतुसाची लांबी सांगणारे आकडे. त्या कितीही वेड्यावाकड्या, मळलेल्या किंवा कुरूप दिसल्या तरी त्यांना हात लावायचा नाही. जमिनीला सातबारा तशा बंदुकीला या खुणा. फरक इतकाच की सातबाऱ्याची दुसरी नक्कल काढता येते, लोखंडावरून घासून गेलेल्या आकड्याची नक्कल मिळत नाही.

कायदा काय म्हणतो

आपल्याकडे शस्त्र अधिनियम 1959 चा आहे. त्याचा अंमल 1 ऑक्टोबर 1962 पासून सुरू झाला. या कायद्याचं कलम 8 प्रत्येक बंदूकवाल्याने माहीत करून घ्यावं. त्याचा मतलब साध्या भाषेत असा की बंदुकीवरचं नाव, नंबर किंवा दुसरी ओळखखूण कुणीही पुसायची नाही, काढायची नाही, बदलायची नाही आणि खोटी उमटवायची नाही. अशी खूण नसलेली बंदूक विकायची किंवा दुसऱ्याच्या नावावर करायचीही नाही.

याच कलमातली पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. ज्याच्या ताब्यात नंबर पुसलेली बंदूक सापडते, त्यानेच तो पुसला असं कायदा धरून चालतो. "मी नाही पुसला" हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच माणसावर येते. एरवी गुन्हा शाबीत करायचं काम सरकारचं असतं. इथे गणित उलटं आहे. म्हणजे नंबर वडिलांच्या काळात गेला असो, आधीच्या मालकाने घालवला असो की वेल्डिंगवाल्याच्या बफने खाल्लेला असो, उत्तर द्यायचं आज ज्याच्या घरी बंदूक आहे त्याने. शिक्षा कलम 25 मध्ये आहे आणि त्यात तुरुंगवास आहे.

कायदा लागू झाला तेव्हा ज्यांच्याकडे खूण नसलेल्या जुन्या बंदुका होत्या, त्यांच्यासाठी हा नियम एक वर्ष पुढे ढकलला होता. ती मुदत संपून आता साठ वर्षं होऊन गेली. त्यामुळे "आमची बंदूक जुनी, तिला नंबरच नव्हता" हे बोलणं आज कुणी ऐकून घेणार नाही.

दुसरं कलम 5. बंदूक बनवणं, विकणं, तिच्यात बदल करणं आणि दुरुस्त करणं या सगळ्याला सरकारी परवाना लागतो. गावचा लोहार, लेथवाला, वेल्डिंगवाला यांच्याकडे तो नसतो. म्हणजे त्यांच्याकडे बंदूक दिली तर दोघेही अडचणीत. शिवाय आपला परवाना आपल्या हातासाठी असतो. "दोन दिवस ठेवून जा, करून ठेवतो" असं कुणी म्हटलं आणि आपण बंदूक ठेवून आलो, तर तेवढे दिवस ती बिनपरवाना माणसाच्या ताब्यात राहिली असा त्याचा अर्थ होतो.

ते शिक्के नुसते कागदासाठी नाहीत

कुणाला वाटेल, नंबर ठीक आहे, पण नळीच्या बुडाशी ती बारीकसारीक चित्रं आणि अक्षरं असतात ती घासली म्हणून काय बिघडलं? तर त्यांचा संबंध थेट आपल्या जिवाशी आहे.

नवी नळी तयार झाली की तिच्यात नेहमीपेक्षा जास्त जोराचा बार भरून ती उडवून बघतात. नळी फुगली नाही, चिरली नाही, तर पास झाल्याचा शिक्का ठोकतात. इंग्लंडमध्ये लंडनच्या बंदूक कारागिरांची संस्था सतराव्या शतकापासून हे काम करते आणि बर्मिंगहॅमचं परीक्षागृह 1813 च्या कायद्याने उभं राहिलं. आपल्याकडच्या जुन्या घराण्यांत ज्या विलायती दुनळी आहेत, त्यांच्यावर मुकुट आणि खाली बीपी, बीव्ही, एनपी अशी अक्षरं दिसतात ती बर्मिंगहॅमची. अंडाकृती चौकटीत ईएलजी अक्षरं असतील तर ती नळी बेल्जियममधल्या लिएज शहरात तपासलेली. आपल्या देशात पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेल्या बारा बोअरच्या बंदुका खेडोपाडी आहेत, आणि मुंगेर, जम्मू इथल्या परवानाधारक कारखान्यांच्याही आहेत.

आता त्या अक्षरांचा अर्थ बघा. एनपी म्हणजे नळी आजच्या बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली. ती खूण नसेल आणि फक्त जुन्या काळ्या दारूचा शिक्का असेल, तर त्या नळीत आजचं कारखान्याचं काडतूस घालणं धोक्याचं. काही विलायती नळ्यांवर 'नॉट फॉर बॉल' असं असतं. त्या नळीचं तोंड आतून आवळलेलं असल्यामुळे तिच्यातून छर्रेच मारायचे, एकसंध गोळी मारायची नाही, असा त्याचा अर्थ. शंकरपाळ्याच्या आकाराच्या चौकटीत 12 आणि सी हे अक्षर असेल तर ते काडतुसाच्या घराचं माप. इंचात दोन पूर्णांक एक द्वितीयांश किंवा दोन पूर्णांक तीन चतुर्थांश, नाहीतर मिलिमीटरमध्ये 65 किंवा 70 असे आकडे असतील, तर ती काडतुसाची लांबी.

हे माप का महत्त्वाचं? काडतुसाचं तोंड उडताना पुढे उलगडतं. लांब काडतूस आखूड घरात बसतं, झाकणही लागतं, काही खटकत नाही. पण उडताना त्याचं तोंड उलगडायला जागा राहत नाही, ते नळीच्या अरुंद भागात अडकतं आणि दाब एकदम वाढतो. जुनी, गंजाने खाल्लेली नळी असेल तर ती आपल्या डाव्या हातातच फुटू शकते. हा आकडा बफने गेला, तर पुढच्या पिढीला या बंदुकीत कुठलं काडतूस चालतं हे सांगणारं कुणी उरत नाही.

बफ मारला की नेमकं काय होतं

ठोकलेला आकडा फार खोल नसतो. ठासणीच्या जुन्या बंदुकांवर तर हाताने छिन्नी-हातोडीने ठोकलेले आकडे दिसतात, काही ठळक, काही नुसते टेकलेले. त्यात साठ-सत्तर पावसाळ्यांचा गंज बसलेला. गंज म्हणजे वरून लागलेला मळ नव्हे, ते लोखंडच बदलून झालेलं असतं. म्हणजे आकड्याच्या कडा आधीच गंजाने खाल्लेल्या असतात. त्यावर ग्राइंडरचं चाक किंवा जाड पॉलिश पेपर फिरवला, की राहिलेलं एका मिनिटात साफ.

बफ आणखी तीन नुकसानं करतो. कडा गोल करतो, त्यामुळे नळी आणि झाकण यांची घट्ट बसणारी जागा सैल होऊ शकते. आधीच पातळ झालेली नळी आणखी पातळ करतो. आणि वरचा काळा-निळा थर काढून उघडं लोखंड हवेला देतो. म्हणून बफ मारलेली बंदूक दिवाळीला आरशासारखी दिसते आणि पुढच्या आषाढात आधीपेक्षा लाल होते.

मुद्दाम नंबर घालवणाऱ्यांसाठीही एक गोष्ट सांगायला हवी. आकडा ठोकताना त्याच्या खालचं लोखंडही दबलेलं असतं. वरचं घासलं तरी तो दाब आत राहतो. मुंबईत कलिना इथे सरकारी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. अशा प्रयोगशाळांत घासलेला आकडा परत वाचायच्या पद्धती आहेत. त्यामुळे चोरीची किंवा बेवारस बंदूक घासून आपली होत नाही, फक्त गुन्ह्यात एक कलम वाढतं.

काळा रंग म्हणजे काय, आणि तो परत कसा येतो

नव्या बंदुकीची नळी काळपट निळी दिसते. बऱ्याच जणांना तो रंग वाटतो, पण तसं नाही. तोसुद्धा एक प्रकारचा गंजच आहे, फक्त शहाणा गंज. लाल गंज भुसभुशीत असतो, ओल धरतो आणि आत आत खात जातो. काळा थर घट्ट बसतो, तेल धरून ठेवतो आणि लाल गंजाला अडवतो. हा थर मुद्दाम आणायच्या कामाला दुकानदार ब्लूइंग म्हणतात. ते तीन तऱ्हांनी होतं.

जुनी पद्धत सावकाशीची. नळी घासून, तेलाचा अंश काढून, तिला मुद्दाम बारीक गंज चढवतात, मग उकळत्या पाण्यात घालतात. लाल गंजाचा काळा होतो. वरची भुकटी मऊ तारेने झाडतात आणि परत पहिल्यापासून. असे कित्येक थर द्यावे लागतात, दिवस जातात, पण काम टिकाऊ होतं.

दुसरी कारखान्याची पद्धत. कॉस्टिकच्या क्षाराचं द्रावण 140 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून त्यात लोखंड बुडवतात. काम लवकर होतं. पण दुनळी बंदूक यात कधी घालू देऊ नका. दुनळीच्या दोन नळ्या आणि मधली पट्टी कथलाच्या झाळणीने जोडलेली असते आणि गरम कॉस्टिक ती झाळण खातं. जोड सुटला तर बंदूक भंगारात. कॉस्टिक अंगावर उडालं तर कातडी जाते ते वेगळंच. त्यामुळे हे काम घरच्या पडवीत करायचं नाहीच.

तिसरी पद्धत थंड द्रावणाची. बाटलीतलं औषध कापसाने लावलं की लोखंड काळं पडतं. लहानसा ओरखडा झाकायला ते ठीक, पण हा थर पातळ असतो. आपल्या दमट हवेत आणि घामाच्या हातात तो फार दिवस राहत नाही.

एक लक्षात ठेवा, कुठलीही पद्धत वापरली तरी खड्डा भरत नाही. गंजाने जिथे खोल खाल्लंय तिथे काळा खड्डा दिसणार. तो दिसू नये म्हणून आजूबाजूचं लोखंड खाली उतरवायला लागतं, आणि तिथेच नंबर आणि नळीची जाडी दोन्ही जातं. चांगला परवानाधारक कारागीर हे आधीच सांगतो आणि शिक्क्यांची जागा सोडूनच घासतो. "सगळं एकदम नव्यासारखं करून देतो" म्हणणाऱ्यापासून जपून राहावं.

ठासणीच्या जुन्या नळ्या मुळातच तांबूस तपकिरी केलेल्या असत. त्या काळ्या करायच्या नादी लागू नका. तपकिरी रंग सारखा, घट्ट आणि हाताला न लागणारा असेल तर तो गंज नव्हे, तीच तिची मूळ छटा.

घरी काय करता येतं

सगळ्यात आधी बंदूक रिकामी आहे याची खात्री. काडतुसाची असेल तर उघडून दोन्ही घरं बघायची, नळीतून उजेड दिसला पाहिजे. ठासणीची असेल तर नुसतं बघून कळत नाही. तिच्यात आजोबांनी भरलेला बार तसाच असू शकतो आणि काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक वर्षांनीही पेटते. म्हणून केप काढून ठेवायची, नळीचं तोंड माणसांपासून दूर धरायचं, आपलं डोकं आणि हात तोंडासमोर न आणता लाकडी गज नळीत हळूच सोडायचा आणि तोंडाशी खूण करायची. मग तोच गज नळीच्या बाहेरून लावून बघायचा. खूण केलेला भाग बुडापर्यंत पोहोचत नसेल, दोन-चार बोटं कमी पडत असतील, तर आत काहीतरी आहे. मग ती बंदूक तापवायची नाही, घासायची नाही, बार उडवूनही बघायचा नाही. परवानाधारक कारागिराला बोलवायचं किंवा पोलीस ठाण्याला कळवायचं. भरलेली नळी भट्टीत किंवा वेल्डिंगखाली गेली तर काय होईल ते सांगायला नको.

बंदूक रिकामी असल्याची खात्री झाली की पुढचं काम सोपं आहे.

हात लावण्याआधी दिवसाच्या उजेडात मोबाइलने फोटो काढा. नंबर, नाव, नळीच्या बुडाचे शिक्के, सगळे जवळून. परवान्यावरचा नंबर आणि बंदुकीवरचा नंबर आकडा-आकडा जुळवा. 3 चा 8 आणि 1 चा 7 झालेला असतो तो आत्ताच कळलेला बरा.

मग गंजावर शिवणयंत्राचं किंवा बंदुकीचं पातळ तेल लावून एक रात्र राहू द्या. सकाळी सुती फडक्याने पुसा. बराचसा लाल रंग फडक्यावर येतो. राहिलेल्या डागाला परत तेल लावा आणि अगदी बारीक प्रतीचं स्टील वूल तेलातच, बोटाच्या हलक्या दाबाने फिरवा. आकड्यांवर तेही फिरवू नका. तिथे जुना मऊ दातघासणीचा ब्रश आणि तेल पुरे. घाई नको. आठ दिवस रोज थोडं केलेलं काम एका दिवसाच्या जोरापेक्षा चांगलं होतं.

ऑइल पेंटचा आकडा किंवा चिकटपट्टीचा डिंक असेल तर फडक्यावर थोडं रॉकेल घेऊन निघतो. चुलीपासून लांब बसा. दस्ता रॉकेलपासून वाचवा, नाहीतर त्याचं पॉलिश जातं.

लाकडी दस्त्यावरच्या खोचा उठवायची एक जुनी युक्ती आहे. ओलं फडकं खोचेवर ठेवून वरून गरम इस्त्री क्षणभर टेकवायची. वाफेने दबलेलं लाकूड फुगून वर येतं. कोरून काढलेली अक्षरं मात्र अशी जात नाहीत, कारण तिथलं लाकूडच गेलेलं असतं. शेवटी कोरड्या दस्त्याला जवसाच्या तेलाचा हलका हात. पण दस्त्यावर किंवा त्याच्या पितळी पट्टीवर नंबर ठोकलेला असेल तर तोही ओळखखूणच समजा.

ठासणीच्या बंदुकीने बार काढला असेल तर त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुवायला हवी. काळ्या दारूची राख ओल ओढते आणि एका रात्रीत आतून गंज चढवते. ती राख तेलाने निघत नाही, पाण्यानेच निघते. धुऊन पूर्ण कोरडी करायची आणि मगच तेल.

काय करायचं नाही

चिंच, आमसूल, लिंबू. समई-तांब्या चकचकीत होतात म्हणून घरातली माणसं बंदुकीलाही तेच लावतात. आंबट पदार्थ पितळेला चालतो, पण लोखंडाचा काळा थर तो बघता बघता खातो. संडास साफ करायचं ॲसिड तर नुसतं त्याच खोलीत उघडं असलं तरी लोखंड गंजतं.

तारेची घासणी, राख, वाळू, ग्राइंडर, जाड पॉलिश पेपर नको.

खोबरेल नको. सुरुवातीला छान चमकतं, पण काही दिवसांनी ते खवट आणि चिकट होतं, धूळ धरतं आणि घोडा जाम करतं.

बंदूक चामड्याच्या म्यानात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि प्लॅस्टिक ती आत कोंडतं. मालवण, वेंगुर्ले, देवगडसारख्या किनारी गावांत तर हवेतच मीठ आहे. बाहेरच्या भिंतीला टेकवून न ठेवता घराच्या कोरड्या आतल्या बाजूला, कुलपात ठेवा. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी तेलाचं फडकं फिरवा आणि हाताचे ठसे पुसून टाका.

जमा करताना, विकत घेताना, वारसाला देताना

निवडणुकीची आचारसंहिता लागली की ज्यांना नोटीस येते त्यांना बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. कित्येक बंदुका तिथे एकावर एक राहतात आणि महिना-दोन महिन्यांनी परत येतात. देताना आतून-बाहेरून तेल लावून द्या. पावतीवर बंदुकीचा नंबर लिहून घ्या. परत घेताना तिथेच नंबर जुळवून बघा आणि काही रंगाने लिहिलं असेल, ठोकलं असेल, तर त्याच वेळी सांगा. घरी आल्यावर सांगितलेल्याला अर्थ राहत नाही.

जुनी बंदूक विकत घेत असाल तर चकाकीवर भुलू नका. जुन्या वर्षाची बंदूक आणि नळी आरशासारखी, कडा गोल, आकडे पुसट, असं दिसलं की तिला बफ लागलेला आहे. नंबर बोटाला लागला पाहिजे आणि नखाला अडला पाहिजे. परवानाधारक माणसाने आपली बंदूक दुसऱ्या परवानाधारकाला विकायची तर जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर निदान 45 दिवस थांबावं लागतं. कागद आज आणि बंदूकही आजच, असा व्यवहार करू नका.

वडिलांच्या नावावरची बंदूक मुलाच्या नावावर करायची सोय 2016 च्या शस्त्र नियमांत आहे. वडील गेल्यानंतर तर करता येतेच, पण वडील हयात असतानाही त्यांचं वय 70 झालं असेल किंवा बंदूक त्यांच्याकडे 25 वर्षं असेल तर वारस अर्ज करू शकतो. वडील असतानाच करणं सगळ्यात चांगलं, कारण बंदूक कुठून आली, नंबर कधीपासून पुसट आहे, हे सांगणारा माणूस समोर असतो. वडील गेल्यावर "नंतर बघू" म्हणून बंदूक माळ्यावर ठेवली, तर परवाना नसलेल्या घरात बंदूक राहिली असं होतं. अशा वेळी ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची आणि मग अर्ज करायचा.

2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत 3 वर्षांवरून 5 वर्षं झाली आहे. सोय झाली, पण मधल्या काळात बंदुकीकडे कुणाचं लक्षही जात नाही. पाच पावसाळे म्हणजे कोकणातल्या लोखंडाला फार झाले. नूतनीकरणाची वाट न बघता दर दिवाळीला नंबर एकदा वाचून बघावा.

नंबर आधीच पुसट झाला असेल तर?

पहिली गोष्ट, घाबरून स्वतः किंवा लोहाराकडून नवा नंबर ठोकून घेऊ नका. तो नंबर खरा असला तरी ते खूण उमटवणं ठरू शकतं, आणि मग प्रामाणिक माणूसही आरोपीच्या रांगेत जातो. दुसरी गोष्ट, त्या जागेला आणखी घासू नका. तेल लावून तशीच ठेवा.

मूळ परवाना, जुने नूतनीकरणाचे शिक्के, खरेदीची पावती, निवडणुकीत जमा केल्याच्या पावत्या, जुने फोटो, जे असेल ते गोळा करा. मग जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहा. नंबर गंजामुळे पुसट झाला आहे, पूर्वी अमुक तारखेला तो वाचून नोंद झालेली आहे, पुढे काय करावं याचे आदेश द्यावेत. अर्जाची पोच घ्या. पकडला गेल्यावर दिलेला खुलासा आणि आपण होऊन दिलेला अर्ज यात फार अंतर आहे. कायद्याने शाबीत करायची जबाबदारी आपल्यावर टाकलेली असताना ही पोचच आपल्या बाजूने बोलते.

आणि बंदूक साफ झाली, नंबर जुळला, परवाना चालू आहे, म्हणून रानात जनावर मारायची मोकळीक मिळाली असं नव्हे. रानडुक्कर असो की माकड, त्यासाठी वनखात्याची परवानगी वेगळी लागते.

शेती संरक्षणाची बंदूक शोभेसाठी नसते. ती काळपट असली, तिच्यावर दोन डाग असले, म्हणून डुक्कर कमी घाबरत नाही. तिची नळी आतून स्वच्छ, कुलूप-झाकण घट्ट आणि नंबर वाचता येणारा एवढं असलं की झालं. या दिवाळीत बंदुकीला तेल लावाल तेव्हा चष्मा लावून तो नंबर एकदा वाचा, परवान्याशी जुळवा आणि घरातल्या मुलालाही दाखवून ठेवा.